अचूकता 93 टक्के

दर शनिवारी रात्री जेवणं आटोपली, की आमच्या डायनिंग टेबलावर मी टायटॅनिक बुडवायला घेतो. 1912 साली ती बोट एकदाच बुडाली, पण डेटा सायन्स शिकणाऱ्याला ती पुन्हा पुन्हा बुडवावी लागते. सरावासाठी 891 प्रवाशांची यादी मिळते. नाव, वय, तिकिटाचा वर्ग, भाडं, सोबत नातेवाईक किती, असं सगळं त्यात असतं. एवढ्यावरून कोण वाचलं आणि कोण गेलं हे कॉम्प्युटरला ओळखायला लावायचं. कोण गेलं ते शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे हे खरं. पण होऊन गेलेल्या गोष्टीचं भाकीत छातीठोकपणे करता येणं हाच या विद्येचा श्रीगणेशा.

या यादीतल्या 177 जणांचं वयच लिहिलेलं नाही. अशा वेळी बाकीच्यांच्या वयांचा मध्यक काढायचा आणि रिकाम्या जागी भरून मोकळं व्हायचं. मध्यक येतो 28. मी एक बटण दाबून 177 माणसं अठ्ठावीस वर्षांची केली. आई शेजारी लसूण सोलत बसली होती.

"कोणाची वयं लिहितोयस?"

"बुडालेल्या बोटीवरच्यांची."

"तुला काय माहीत?"

"माहीत नाहीत, म्हणून तर लिहितोय."

आईने लसणाची पाकळी खाली ठेवली. "अरे, त्यात कोणी म्हातारी असेल, कोणी तान्हं असेल. सरसकट अठ्ठावीस?"

"सगळेच असं करतात, आई."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "लग्नाच्या बायोडेटातही सगळे अठ्ठावीसच लिहितात."

बायकोला मात्र निष्कर्षात रस होता. रात्री साडेअकराला मी विजयी मुद्रेने जाहीर केलं, की स्त्रियांपैकी 74 टक्के वाचल्या आणि पुरुषांपैकी फक्त 19 टक्के. ती म्हणाली, "आधी बायका-मुलं, हे सिनेमात दाखवलंय की. तिकीट काढून तीन तासांत कळलं होतं. त्यासाठी तू दोन वर्षांची फी भरलीस?"

फीचा विषय आमच्याकडे असा कुठल्याही दिशेने येतो.

या भानगडीला ऑफिसातलं अप्रेझल कारण झालं. साहेबांनी माझा कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "डेटा म्हणजे नवं तेल आहे." हे वाक्य क्लाइव्ह हम्बी नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाच्या नावावर 2006 सालापासून आहे; पण आमच्या ऑफिसात प्रत्येक मीटिंगला कोणी तरी ते आत्ताच सुचल्याच्या आविर्भावात बोलतो. मी ते घरी येऊन बोललो. बायको म्हणाली, "आधी जुनं आण. डबा संपलाय."

मग मी पुरावा काढला. 2012 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लेख आला होता, की डेटा सायंटिस्ट ही एकविसाव्या शतकातली सर्वांत आकर्षक नोकरी आहे. माझी छाती फुगलेली पाहून आईने चौकशी केली.

"असं कोणी लिहिलंय?"

"डेव्हनपोर्ट आणि पाटील."

"पाटील? कुठले?"

"अमेरिकेतले. डी. जे. पाटील. 2015 साली अमेरिकन सरकारचे पहिले चीफ डेटा सायंटिस्ट झाले."

"ते झाले असतील. मूळचे कुठले? सांगलीकडचे की जळगावकडचे?"

त्यानंतर अर्धा तास आमच्या नात्यातल्या सगळ्या पाटलांची उजळणी झाली, त्यात एका जमिनीचा वाद निघाला, आणि एकविसावं शतक बाजूला राहिलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं मत विचारायला मी गेलो नव्हतो, पण ते जिन्यातच मिळालं. काका सातारा जिल्ह्यातले. मोजकी माणसं कशी निवडावीत आणि त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल काय म्हणावं, यावर जगभर वाचला गेलेला ग्रंथ लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे त्याच जिल्ह्यातल्या बुध गावचे. काका मात्र मोजक्या माणसांवर वेळ घालवत नाहीत. त्यांना एकच पुरतो, तो म्हणजे साडूचा मुलगा.

"कशाला पडता या फंदात? आमच्या साडूच्या मुलाने हेच केलं. बसलाय घरी."

काही महिन्यांनी साडूच्या मुलाला बंगळुरूला घसघशीत पगाराची नोकरी लागली. काका पुन्हा जिन्यात भेटले. "मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, या क्षेत्राला मरण नाही."

वर्ग शनिवार-रविवारी, ऑनलाइन. स्क्रीनवर साठ काळे चौकोन आणि एका चौकोनात सर. वर्गातली मुलं जेमतेम बावीस-तेवीसची. माझा चष्मा आणि विरळ केस पाहून त्यांनी मला शिक्षकांपैकीच कोणी तरी धरलं. पहिल्याच आठवड्यात एकाने नम्रपणे विचारलं, "सर, असाइनमेंटला दोन दिवस वाढवून मिळतील का?" मी दिले. त्या सत्रात माझ्याइतका लोकप्रिय माणूस वर्गात दुसरा नव्हता.

पुढे माझा माइक चालू राहिला आणि सरांच्या मॅट्रिक्सच्या गुणाकारावर "मटार सोलून झाले का?" हा प्रश्न साठ चौकोनांत ऐकू गेला. तेव्हा माझं खरं पद सगळ्यांना कळलं. सरांनी थांबून विचारलं, "झाले का?" "अर्धे झालेत, सर," मी म्हणालो. हजेरी लागली.

सर मुळात चांगले. ग्रेडियंट डिसेंट कोणालाच कळेना, तेव्हा त्यांनी लॅपटॉप बाजूला केला. "समजा, तुम्ही सिंहगडावर आहात. दाट धुकं आहे, काही दिसत नाही. तुम्हाला खाली गाडीपर्यंत पोचायचंय. काय कराल? पायाने चाचपायचं, जिकडे उतार लागेल तिकडे एक पाऊल टाकायचं. पुन्हा चाचपायचं, पुन्हा पाऊल. मशीन असंच शिकतं."

मागच्या कुठल्या तरी चौकोनातून आवाज आला, "सर, मधेच पिठलं-भाकरीची टपरी लागली आणि तिथेच बसलो तर?"

"यालाच लोकल मिनिमम म्हणतात," सर म्हणाले. "तिथे बसलेल्या मशीनला वाटतं, आपण पायथ्याला पोचलो."

संपूर्ण अभ्यासक्रमातली ही एवढी गोष्ट मला जन्मात विसरता येणार नाही. बाकी शंका निरसनासाठी माझा दहावीतला मुलगा होता. त्याचा दर ठरलेला होता: साध्या शंकेला अर्धा तास मोबाइल, कोड चालवून द्यायचा असेल तर पिझ्झा. एकदा मी मध्यकाविषयीच विचारायला गेलो, तर त्याने पुस्तक पुढे सरकवलं. "बाबा, हे तर आमच्या पोर्शनमध्ये आहे. याचे पैसे तू तिकडे भरलेस?"

टायटॅनिकचा कंटाळा आला, की फुलं मोजायची. आयरिस नावाची फुलं आहेत. एडगर अँडरसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्या तीन जातींची मापं घेतली आणि रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने 1936 साली ती एका लेखात वापरली. एकूण 150 फुलं, प्रत्येकाची चार मापं. तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी तीच दीडशे फुलं ओळखतायत. आमच्या वर्गातल्या कोणीही आयरिसचं फूल प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं; आकडे पाहून मात्र झोपेतही जात सांगितली असती.

मला वाटलं, स्वदेशी काही करावं. सोसायटीच्या बागेत तीन तऱ्हेच्या जास्वंदी आहेत. रविवारी पहाटे मुलाची पट्टी घेऊन मी खाली उतरलो. तिथे पूजेची परडी घेऊन बी विंगमधल्या आजी आधीच हजर होत्या. "फुलं तोडू नयेत" या पाटीच्या बरोबर खाली त्या फुलं तोडत होत्या. मला पाहून त्यांनी परडी पदराखाली घेतली.

"मी नाही तोडत, आजी. नुसती मोजतोय."

"म्हणजे आता हिशोब ठेवणार आमचा?"

"नाही हो, पाकळीची लांबी-रुंदी घेतोय."

आजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींनी पाटी बदलली होती: "फुले तोडू नयेत. मोजूही नयेत. हुकमावरून." पुण्यात संशोधन का वाढत नाही याची कारणं लोक उगाच दिल्लीत शोधतात.

पुढच्या सत्रात डेटा स्वच्छ करायला शिकवलं. या धंद्यातला बहुतेक वेळ मॉडेल बनवण्यात जातच नाही, तो डेटातली घाण काढण्यात जातो. सरावासाठी मी सोसायटीची ज्येष्ठ नागरिकांची वही घेतली. त्यात कुलकर्णी पाच तऱ्हांनी लिहिलेले होते आणि देशपांडे सात. फ्लॅट नंबरच्या रकान्यात एकाने "सेक्रेटरींना माहीत आहे" असं लिहिलं होतं, आणि मोबाइल नंबरच्या रकान्यात एका आजोबांनी "दुपारी 1 ते 4 करू नये" एवढंच.

मग जन्मतारखांचा आलेख काढला आणि खुर्चीतून उठलोच. वर्षभराच्या तारखा जमिनीला लागून, आणि 1 जूनला गगनचुंबी खांब! अर्धे ज्येष्ठ नागरिक एकाच तारखेला जन्मलेले. मी तो आलेख वर्गात दाखवला. मुलं उत्साहात आली. एकाने नऊ महिने मागे मोजून गणपतीच्या दिवसांशी संबंध जोडला. दुसऱ्याने पावसाचं कारण काढलं. सर म्हणाले, "इंटरेस्टिंग पॅटर्न आहे, पेपर होऊ शकेल."

पेपरची प्रस्तावना लिहायच्या आधी मी काकांना गाठलं. त्यांचीही तारीख 1 जूनच होती.

"अहो, कसला पॅटर्न? आमच्या वेळी जन्मतारीख लिहून कोण ठेवत होतं? जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. वडील शाळेत उभे करायचे. गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. कानाला हात पोचला, की झाली सहा वर्षं पूर्ण. लिहा एक जून."

मला एकदम आपलं घराणं सापडलं. ज्याला मोठमोठ्या पुस्तकांत मिसिंग व्हॅल्यू इम्प्युटेशन म्हणतात, ते खेडोपाडीच्या गुरुजींनी लॅपटॉप, वीज आणि फी यांतलं काहीही नसताना पिढ्यान् पिढ्या केलं. शिवाय त्यांचं उत्तर सरकारने मान्य केलं आणि त्यावर माणसं निवृत्तही झाली. माझ्या 28 वर्षांच्या 177 जणांना अजून कोणी पेन्शन दिलेली नाही.

संख्याशास्त्राच्या पेपरात पुन्हा फिशर भेटले. त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, की कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं. फिशरनी आठ कप मांडले, चार असे, चार तसे. निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता 70 मध्ये 1. या चहातून प्रयोगांची आखणी कशी करावी याचं अख्खं शास्त्र उभं राहिलं आणि 1935 साली फिशरचं त्यावरचं पुस्तक आलं.

आमच्याकडे चहा, दूध, साखर, आलं हे सगळं एकाच पातेल्यात एकदमच उकळतं, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हा प्रश्नच उद्भवत नाही. पण आईचा दावा होता, की चहा गाईच्या दुधाचा की म्हशीच्या, हे तिला एका घोटात कळतं. मी आठ कप मांडले. बायकोने गॅसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शास्त्रासाठी चहा केला.

आईने आठही ओळखले. मी उडीच मारली. "70 मध्ये 1! म्हणजे दीड टक्क्याच्याही आत! सिद्ध झालं!"

"काय सिद्ध झालं?" बायको शांतपणे म्हणाली. "म्हशीच्या दुधाच्या चारही कपांवर जाड साय आली होती."

याला आमच्यात डेटा लीकेज म्हणतात. परीक्षार्थीला उत्तर आधीच दिसलेलं असतं, आणि मॉडेल हुशार आहे असं आपल्याला वाटतं. मी आईला जाब विचारला.

"म्हणजे तू बघून सांगितलंस?"

"मग काय डोळे मिटून चहा प्यायचा? आणि इतका गोड कशाला केलाय?"

त्या रात्री घरात कोणालाही झोप लागली नाही. उरलेल्या चहाचं भाकीत कोणी केलं नव्हतं.

शेवटच्या सत्राला प्रकल्प. मुलांनी शेअर बाजार घेतला, कर्करोगाचं निदान घेतलं, विमानाचं भाडं घेतलं. मी म्हटलं, घराला उपयोगी पडेल असं काही करावं. आमच्या घरात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: उद्या मावशी येणार का?

भांड्यांच्या मावशींच्या दांड्या बायकोने कॅलेंडरवर गोल करून ठेवलेल्या होत्या. इतका स्वच्छ डेटा मला दोन वर्षांत कुठे मिळाला नव्हता. त्याला मी वार, सण, पाऊस, पगाराची तारीख, घरात पाहुणे किती, अशी जोड दिली. लॅपटॉप रात्रभर तापत ठेवला. सकाळी उत्तर आलं: अचूकता 93 टक्के.

मी नाश्त्याच्या टेबलावर हे जाहीर केलं. पहिल्यांदाच बायकोच्या नजरेत फीबद्दल क्षमा दिसली.

"म्हणजे उद्या येणार का सांगेल?"

"सांगतो ना. येणार."

"परवा?"

"येणार."

"तेरवा?"

"येणार."

"आणि मागच्या सोमवारी आल्या नव्हत्या, त्या दिवशी काय म्हणत होतं?"

मी पाहिलं. येणार म्हणत होतं. मावशी महिन्यात साधारण दोनच दिवस येत नाहीत. रोज डोळे झाकून 'येणार' म्हटलं, तरी तीस दिवसांत अठ्ठावीस वेळा खरं ठरतं. मशीनने ते ओळखलं आणि पुढचं डोकं चालवणंच बंद केलं.

"ज्या दोन दिवसांची माहिती हवी, तेवढीच ते देत नाही," बायको म्हणाली. "बाकीचे दिवस मला दारावरची बेल सांगते."

मी मॉडेल दुरुस्त केलं. दांडीला जास्त वजन दिलं. आता ते भेदरून एक दिवसाआड 'येणार नाही' म्हणू लागलं. त्यावर विश्वास ठेवून आम्ही रात्री जागून ढीगभर भांडी घासली, आणि सकाळी सातला बेल वाजली.

मावशी मोकळ्या सिंककडे पाहतच राहिल्या. "भांडी कुठं गेली?"

"आम्हीच घासली. ह्यांच्या कॉम्प्युटरने सांगितलं, तुम्ही आज येणार नाही."

मावशी लॅपटॉपजवळ आल्या. "दादा, मला विचारायचं ना! मी गुरुवारी येणार नाही, भाचीचा साखरपुडा हाय. बघा तुमचं मशीन काय म्हणतंय."

मी गुरुवार टाकला. मशीन म्हणालं: येणार, शक्यता 87 टक्के.

"मग गुरुवारची भांडी त्यालाच सांगा," मावशी म्हणाल्या आणि फरशी पुसायला लागल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या मॉडेलची मुख्य मर्यादा काय?" मी खरं ते सांगितलं, की मावशींना विचारलं तर उत्तर जास्त अचूक मिळतं. परीक्षक हसले नाहीत. गंभीरपणे मान हलवून म्हणाले, "डोमेन एक्स्पर्टचं महत्त्व तुम्ही ओळखलंत. हे फार कमी विद्यार्थ्यांना जमतं." मला पहिला वर्ग मिळाला. त्यातला निम्मा मावशींचा आहे. त्यांनी तो दिवाळीच्या बोनसमध्ये वळता करून घेतला.

पदवी घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. "चांगलं आहे. पण डेटा आता जुना झाला. आता सगळं एआय आहे. त्याचा एखादा कोर्स का करत नाही?" जिन्यात काका भेटले. त्यांनी साडूच्या मुलाचाही एआयचा कोर्स सुरू झाल्याचं सांगितलं आणि तेव्हाच म्हटल्याची आठवण करून दिली.

तेव्हा वाचकहो, हा अभ्यास करावासा वाटत असेल तर जरूर करा. डोकं तल्लख राहतं आणि चहा भरपूर होतो. फक्त ज्याच्याबद्दल भाकीत करायचंय तो माणूस रोज सकाळी सातला तुमच्या दारात उभा राहत असेल, तर आधी त्यालाच विचारून घ्या. त्यात एखादा आठवडा गेला तरी घाबरू नका. अशा अभ्यासक्रमांची प्रवेशाची शेवटची तारीख नेहमी वाढते.